बंद शटरचं भाडं

[जळगाव. सकाळचे साडेदहा. एका व्यापारी संकुलाचा जिना.]

तळमजल्यावर पाय ठेवायला जागा नाही. मोबाइल कव्हरवाला, साडीवाला, झेरॉक्स, आणि या सगळ्यांच्या वाटेत कचोरीची गाडी. जिना चढून पहिल्या मजल्यावर आलं की गलका निम्मा होतो. दुसऱ्या मजल्यावर फक्त आपल्याच चपलांचा आवाज येतो.

इथं एका ओळीत अकरा शटर आहेत. उघडी तीन. एकात टायपिंगचा क्लास, एकात विमा एजंट, एकात फॉल-पिको करणारी बाई. उरलेल्या आठांपैकी एकावर ऑइलपेंटनं लिहिलंय, ‘गाळा भाड्याने देणे आहे’. खाली मोबाइल नंबर. त्याचे शेवटचे दोन आकडे पुसले गेलेत. मालकाला हे माहीत नसेल. किंवा माहीत असेल, आणि त्याला काही फरक पडत नसेल.

दुसरी शक्यता जास्त खरी आहे. आम्ही तिच्याच मागावर निघालो.

[शीर्षक पडद्यावर.]

मुंबई-पुण्यात व्यापारी मालमत्ता म्हटलं की डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. कोरोनानंतर माणसं घरून काम करू लागली, मग एवढ्या ऑफिसांचं करायचं काय, हा तिथला प्रश्न. खान्देशात ऑफिस कुणाचं होतं की ते रिकामं होईल? इथं व्यापारी मालमत्ता म्हणजे गाळा. दहा बाय बारा, दहा बाय पंधरा, वर एक पोटमाळा. आणि गाळ्याबद्दल बोलताना इथला माणूस ‘घेतला’ म्हणत नाही. ‘घेऊन ठेवला’ म्हणतो. मुलीच्या लग्नासाठी सोनं घेऊन ठेवतात ना, अगदी तसा.

जळगाव सोन्याचं गाव. इथल्या सराफ बाजारात नंदुरबारपासून बुलढाण्यापर्यंतचं गिऱ्हाईक येतं. ज्याच्याकडे चार पैसे साठतात तो आधी सोनं घेतो, मग प्लॉट, मग गाळा. सोन्यानं २०२५च्या एप्रिलात तोळ्यामागे लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हा ज्यांनी गाळे घेऊन ठेवले होते त्यांच्या घरात काय संवाद झाले असतील ते सांगायला नको.

[कॅमेरा बंद शटरवर. शेजारी वहीत हिशेब मांडणारा हात.]

एक हिशेब करू. समजा, दुसऱ्या मजल्यावरचा गाळा ४० लाखांना पडला. भाडं आलं महिन्याला १२ हजार. वर्षाचे १ लाख ४४ हजार. म्हणजे शंभराला ३ रुपये ६० पैसे. त्यातून घरपट्टी गेली, मेंटेनन्स गेला, आणि दोन भाडेकरूंच्या मधले रिकामे चार महिने गेले. बँकेत मुदत ठेव केली असती तरी याहून जास्त मिळालं असतं.

मग भाडं कमी करून गाळा देऊन का टाकत नाहीत? हा प्रश्न आम्ही एका मालकाला विचारला. रिटायर्ड माणूस, तीन गाळे, तिन्ही बंद. ते हसले. म्हणाले, “आठ हजारात दिला तर उद्या विकायला काढल्यावर घेणारा आठ हजारावरूनच किंमत काढेल. बंद गाळ्याची किंमत मी म्हणेन ती.”

हे वाक्य आम्ही परत परत ऐकलं. ‘मी म्हणेन ती.’ बंद गाळ्याला बाजार विचारत नाही, त्यामुळे त्याचा भाव पडतही नाही. कागदावर संकुलाचा दर चढाच राहतो. सरकारचा रेडी रेकनरही, म्हणजे सरकारनं जागेला ठरवलेला दर, १ एप्रिल २०२५ला, दोन वर्षं थांबून, राज्यात सरासरी चार टक्क्यांच्या आसपास वाढला. दस्त करायचा तर मुद्रांक शुल्क किमान त्या दरानं लागतं, प्रत्यक्ष सौदा कितीलाही होवो. म्हणून मंदीत सौदा स्वस्तात करायलाही जीव होत नाही.

दुसरं कारण भीतीचं आहे. भाडेकरू उठलाच नाही तर? महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यानं पगडीला, म्हणजे जागा देताना भाड्याखेरीज घेतल्या जाणाऱ्या रकमेला, कायदेशीर वाट दिली, लिव्ह-लायसन्सचा म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरू देण्याचा करार नोंदवणं सक्तीचं केलं. पण भीती त्या कायद्याहून जुनी आहे. प्रत्येक गावात एक तरी दुकान असतं, ज्याचं भाडं आजोबांच्या वेळी ठरलं आणि नातवाच्या हातात तेवढंच पडतं. तो किस्सा ऐकत मोठा झालेला मालक म्हणतो, राहू दे बंद.

[भुसावळ. रेल्वे स्टेशनबाहेरचा रस्ता. दुपार.]

स्वतःच्या पैशानं गाळा घेतलेल्याला बंद ठेवणं परवडतं. कर्जानं घेतलेल्याची गोष्ट वेगळी, आणि ती जास्त लोकांची आहे.

भुसावळच्या एका तरुणानं जिमच्या सामानासाठी आणि जागेसाठी मिळून कर्ज काढलं. फक्त जागेचं बघू. २५ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं. हप्ता जवळजवळ ३३ हजार ७००. त्याला वाटलं होतं, धंदा नाही चालला तर जागा भाड्यानं देऊ. त्या रस्त्यावर भाडं मिळतं त्याच्या निम्म्याहून कमी. दुकानाचं कर्ज घराच्या कर्जापेक्षा महाग असतं, बँक जागेच्या किमतीच्या मानानं पैसेही कमी देते, आणि घरासारखी करात सवलतही नाही. हे त्याला नंतर कळलं. ज्यानं हे सांगायला हवं होतं तो दलाली घेऊन गेला होता.

व्याजदराचा खेळ बघा. कोरोनात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आणला. स्वस्त पैशात बुकिंग झाली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३, दहा महिन्यांत तोच दर साडेसहावर गेला. पुढची दोन वर्षं तिथंच. फेब्रुवारी २०२५मध्ये उतरायला लागला आणि जूनपर्यंत साडेपाचवर आला. दर चढतो तेव्हा बँकेचा मेसेज लगेच येतो. उतरतो तेव्हा आपल्याला ब्रँचमध्ये जावं लागतं. हा आमचा अनुभव, तुमचा वेगळा असेल तर आनंद आहे.

[जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग. नंतर एका घराची ओसरी, आत छतापर्यंत कापूस.]

पण व्याजदरापेक्षा इथल्या बाजाराला एकच दर खरा कळतो. कापसाचा.

२०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या वर्षी गाड्यांची शोरूमं, फर्निचरवाले, मोबाइलवाले सगळ्यांनी हात मारला. कित्येकांनी दुसरी शाखा काढली, गाळ्याचं डिपॉझिट भरलं. पुढच्या हंगामात शेतकरी दहा हजारांच्या आशेनं थांबला. कापूस घरात भरून ठेवला. खाजवणारा कापूस उशाशी घेऊन माणसं झोपली. भाव सात-आठ हजारांच्या पुढं सरकेना. २०२४-२५ला लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये, आणि ऑगस्ट २०२५मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कच सरकारनं काही काळ उठवलं. चोपडा, धरणगाव, पारोळा इथल्या दुकानदाराला या बातमीचा अर्थ समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

गंमत अशी की कापूस भरून ठेवणारा शेतकरी आणि गाळा बंद ठेवणारा मालक, दोघं एकच करतात. भावाची वाट बघतात. फरक एवढाच, घरातला कापूस वाळतो, वजनात घटतो, शेवटी विकावाच लागतो. गाळा घटत नाही. म्हणून मालकाची वाट बघणं संपत नाही.

[जळगाव महापालिकेची इमारत. संकुलांच्या पाट्या.]

आणि जिथं मालक खुद्द महापालिका आहे तिथं? जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या दोन हजारांहून जास्त गाळ्यांचे करार २०१२ला संपले. मग भाडं किती, थकबाकी किती, नूतनीकरण की लिलाव, यावर वर्षानुवर्षं नोटिसा, मोर्चे, कोर्ट, मंत्रालय. गाळेधारक म्हणतात, रेडी रेकनरवर काढलेलं भाडं धंद्यातून निघत नाही. पालिका म्हणते, गावाच्या मालकीची जागा कवडीमोल कशी देणार? दोघांचं म्हणणं आपापल्या जागी खरं आहे, आणि म्हणूनच ते सुटत नाही. पण एक नुकसान कुणाच्याच वहीत चढत नाही. ज्या गाळ्याचं उद्या काय होणार ते माहीत नाही, त्याला कुणी रंगसुद्धा लावत नाही. प्लास्टर पडतं, वायरी लोंबतात, गिऱ्हाईक दुसऱ्या रस्त्यानं जातं.

[धुळे. आग्रा रोड. संध्याकाळ.]

धुळ्यात आग्रा रोडवर संध्याकाळी आजही चालायला जागा नसते. पण गर्दी आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी आहेत. आतल्या गल्लीत कटलरीचं दुकान चालवणारे एक काका खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, “भाडं वाढनं, गिऱ्हाईक नही वाढनं.” मग समोरून ऑनलाइन पार्सलची पिशवी पाठीवर घेऊन जाणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं. “त्यानाकडे शे मनं गिऱ्हाईक.” माझं गिऱ्हाईक त्याच्याकडे आहे.

त्यांच्या डोक्याला आणखी एक ताप झाला होता. १० ऑक्टोबर २०२४पासून नियम आला. जागामालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूनं भरायचा. १५ हजार भाड्यावर २,७०० रुपये. मोठा व्यापारी तो पुढं वळता करून घेतो. कंपोझिशनमधल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दरानं जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला ती सोय नाही, त्याच्या खिशातूनच जातो. ओरड झाली, आणि १६ जानेवारी २०२५पासून कंपोझिशनवाल्यांना त्यातून वगळलं. काकांना वगळल्याचं कळलं ते त्यांच्या सीएकडून, फी देताना.

[मुंबई–आग्रा महामार्ग. रात्रीचे कंटेनर.]

त्या पोराच्या पाठीवरची पिशवी येते कुठून? गावाबाहेरून. धुळ्यापाशी मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूर–धुळे असे रस्ते एकत्र येतात. जी मागणी गावातल्या जिन्यावरून उतरली ती इथं येऊन बसलीय. गुदामाचं पत्र्याचं शेड, उंच छत, पक्की फरशी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाळीस फुटी कंटेनर एका दमात वळेल एवढं आवार. इथं फ्रंटेज, कॉर्नर असं काही कुणी विचारत नाही. विचारतात: ट्रक आत वळतो का, रात्री लाइट राहते का, जमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती आहे का.

शेडवाल्याचा भाडेकरू एक कंपनी असते. करार तीन-पाच वर्षांचा, त्यात लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळाआधी सोडता येत नाही. ऐकायला छान. पण तो काळ संपला आणि कंपनीनं गुदाम इंदूरला हलवायचं ठरवलं की एका दिवसात दहा हजार चौरस फूट रिकामं, आणि ते दुसरं कुणाला द्यायचं? गाळ्यात निदान फॉल-पिकोवाली बाई तरी बसते.

शिवाय जमिनीचा जुगार आहेच. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रानं सप्टेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. ही गाडी आमच्या आजोबांपासून येतेय. या वेळी मंजुरीचा कागद खरा आहे, पण नकाशावरची रेघ बघून नरडाणा-शिरपूरच्या बाजूला प्लॉट घेऊन ठेवणाऱ्यांना आम्ही एवढंच विचारलं, स्टेशन आलं तरी तुमच्या प्लॉटवर दुकान कोण टाकणार? उत्तर आलं, “दुकानासाठी कोण घेतं?”

[नंदुरबार. शहराबाहेरचं मोकळं मैदान. सकाळ.]

शेवटची वस्तू दाखवतो, ती कुठल्याच व्यापारी मालमत्तेच्या यादीत नसते. पथारी, म्हणजे मिरची वाळवायचं मैदान.

नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते आणि ती वाळवायला मोकळं रान लागतं. व्यापारी गावाबाहेरच्या जमिनी भाड्यानं घेतात, त्यावर मिरची पसरतात, बायका डोक्याला, नाकातोंडाला फडकं बांधून दिवसभर ती उलटीपालटी करतात. ना छत, ना शटर. करोडोंचा माल आभाळाखाली. अवकाळी पाऊस आला की एका रात्रीत मिरची काळी पडते.

म्हटलं तर या भागातली सगळ्यात जास्त कमावणारी व्यापारी जागा हीच. चार-पाच महिने रोज वापरात असते, शेकडो हातांना काम देते. पण मिरचीचं भाडं हंगामाचं, आणि गाव वाढत वाढत पथारीपर्यंत आलंय.

आम्ही गेलो त्या मैदानात मिरचीच्या मधोमध सिमेंटचे बुटके दगड रोवलेले होते. पांढऱ्या चुन्यानं नंबर टाकलेले. चौदा, पंधरा, सोळा. प्लॉट पडलेत, काही विकलेही गेलेत, समोरच्या रस्त्यालगत तळमजल्यावर गाळे निघणार असं एकजण म्हणाला. मिरची पसरणारी बाई खराट्यानं दगडाभोवती गोल वळसा घालून पुढं सरकत होती. तिला विचारलं, पुढच्या वर्षी पथारी कुठं?

तिनं खराट्यानंच लांब दाखवलं. तिकडं अजून ज्वारी उभी होती.