घाबरलेल्या माणसाच्या हातात विमान

(दृश्य: छोट्या विमानाचं कॉकपिट. उजव्या सीटवर प्रवासी.)

या हातांकडे बघा. सीटची कड इतकी आवळून धरलीय की पेरं पांढरी पडलीत. हवा शांत आहे, विमान सरळ चाललंय. तरीही.

हे सेसना १७२. पहिलं उड्डाण १९५५ सालचं, आणि आजवर ४४ हजारांच्या वर विमानं बनलेली. बहुतेकांत उजव्या सीटसमोरही योक, म्हणजे विमान वळवायचं आणि नाक वर-खाली करायचं हँडल असतं, पायाशी रडरची, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूची पेडल्स असतात. म्हणजे शेजारच्या घाबरलेल्या माणसाला नुसता धीर देत बसायची गरज नाही, त्याला काम देता येतं.

पण "घ्या, चालवा" म्हणून एकदम योक सोपवणं हा आगाऊपणा. आधी नुसतं दाखवायचं.

(दृश्य: ट्रिमचं चाक. पायलटचे हात मांडीवर.)

योक न धरताही नाक जागेवर राहावं म्हणून हे चाक फिरवायचं, त्याला ट्रिम म्हणतात. ट्रिम लावून पायलटने हात काढून घेतलेत, आणि विमान आपलं चाललंय. आता तो नाक जरा वर उचलून योक सोडून देतो. वेग घटतो, नाक खाली येतं, थोडं जास्तच येतं. वेग वाढतो, नाक पुन्हा वर. दर खेपेला झोका लहान होत जातो आणि विमान आपसूक जागेवर येतं. विमानाचा भार पंखांच्या उचलीच्या किंचित पुढे असतो आणि शेपूट मागून खाली दाबून तो तोलते. वेग कमी झाला की शेपटीचा दाब घटतो, नाक झुकतं आणि गेलेला वेग परत मिळतो. कुठल्याही गोड बोलण्यापेक्षा हे बघणं जास्त उपयोगी पडतं.

मग हस्तांतर, तेही मोठ्याने.

"कंट्रोल तुमच्याकडे."
"कंट्रोल माझ्याकडे."
"हो, तुमच्याकडे."

विमान कोण चालवतंय, याबद्दल क्षणभरही शंका नको. पाय मात्र पेडल्सपासून लांब.

योक मुठीत धरला की गडबड ठरलेली. नाक जरा खाली गेलं की माणूस खेचतो, ते फार वर गेलं की ढकलतो, आणि झोके वाढतच जातात. उपाय एकच: पकड सैल. अंगठा आणि दोन बोटं पुरतात. नजर समोरच्या उपकरणांच्या तबकड्यांवर नको, बाहेर हवी. विमानाचं नाक आणि क्षितिज यांत साधारण चार बोटांचं अंतर दिसत असेल, तर तेवढंच राखायचं.

(दृश्य: डावीकडे सावकाश वळण.)

वळताना घाबरलेला माणूस हमखास उलट्या बाजूला कलतो. आपण पडू, असं त्याला वाटतं. त्याच्या मांडीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवा. विमान वीस अंश कललंय, पण नीट घेतलेल्या वळणात बाटलीतलं पाणी कुठल्याच बाजूला चढत नाही. शरीरालाही तसंच वाटतं, फक्त डोळे ऐकत नाहीत.

थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद, कमी करण्याआधी सांगायलाच हवं, कारण इंजिनाचा आवाज उतरला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. इंजिन बंद पडलंच तरी हे विमान दगडासारखं कोसळत नाही. शांत हवेत हजार फूट उंचीमागे अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जातं. आकडा सांगा. प्रात्यक्षिक आज नको. स्टॉल (नाक फार वर नेऊन पंखांची उचल तुटू देणं) आणि तीव्र वळणंही नकोत. ती हौस बहुधा पायलटचीच असते.

आणि "बस झालं" असं ऐकू आलं, की त्याच क्षणी कंट्रोल परत घ्यायचे. "अजून थोडं चालवा ना" असा आग्रह करायचा नाही.