एकोणतीस फेब्रुवारीचा प्रोग्राम

(चाळीसगावात शाळकरी मुलं आणि शिक्षकांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

लीप वर्षाचा प्रोग्राम जेमतेम आठ-दहा ओळींचा. तो लिहूच. पण आधी माझ्या भाचीची गोष्ट, कारण तिच्यामुळंच मी हा विषय धरून बसलोय.

भाची 29 फेब्रुवारी 2000 ची. प्रवेशाच्या वेळी ताईबरोबर मीही गेलो. क्लार्कनं जन्मतारीख टाकली, एंटर मारलं. पडद्यावर लाल अक्षरं: तारीख चुकीची. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. जन्मदाखला उलटासुलटा करून तो म्हणाला, "ताई, एक मार्च करून टाकू, काय फरक पडतो?" मागं रांग वाढत होती. ताई जागची हलली नाही. "मनी पोर एकोणतीस तारखले व्हयनी. कागद काबर बदलू?" तीन वाजेपर्यंत आम्ही त्या खिडकीशी. शेवटी अर्ज हातानं भरून घेतला.

क्लार्कचा मला राग नाही. राग आहे तो प्रोग्राम लिहिणाऱ्याचा. नुसतं 'चारनं भाग जातो' एवढंच त्याला येत असतं, तरी 2000 बरोबर आलं असतं! त्याला 'शंभरनं जातो ते लीप नाही' हेही येत होतं. 'चारशेनं जातो ते मात्र लीप' हे राहिलं. नियम पाठ केला, कारण विचारलं नाही.

कारण आपल्या घरातच आहे. धोंड्याचा महिना आला की जावई येतो, अनारसे होतात. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं, सूर्याच्या मागं दरवर्षी अकरा दिवस पडतं, म्हणून साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास. इथून जवळच, पाटण्याच्या शिलालेखात, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची 1207 ची नोंद आहे. हे गणित या मातीतच शिकवलं जायचं, मुलांनो!

इंग्रजी कॅलेंडरचंही तसंच. वर्ष 365.2422 दिवसांचं. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला की 365.25, म्हणजे वर्षाला अकरा मिनिटं जादा. ती साचत गेली, म्हणून 1582 साली इटली-स्पेनमध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 उजाडली. तेव्हापासून चारशे वर्षांत शंभरऐवजी 97 लीप वर्षं: शंभरनं भाग जाणारी तीन गळतात, चारशेनं जाणारं एक राहतं. मोरारजी देसाई 29 फेब्रुवारी 1896 चे. 1900 लीप नव्हतं, त्यामुळं त्यांची पुढची 29 फेब्रुवारी आठ वर्षांनी आली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत बघा. वर्ष विचारा, इंट (int) या आज्ञेनं आकडा करा, नाहीतर ती नुसती अक्षरं राहतात. भागाकाराची बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह (%). पहिला इफ (if), म्हणजे 'जर': चारशेनं बाकी शून्य, लीप. मग एलिफ (elif), म्हणजे 'ते नसेल, पण जर': शंभरनं शून्य, नाही. मग एलिफ: चारनं शून्य, लीप. एल्स (else), म्हणजे यातलं काहीच नसेल तर, नाही. क्रम हाच ठेवा. चार आधी घेतलात तर 1900 तिथंच लीप ठरतं, खालच्या ओळीपर्यंत पोचतच नाही.

लॅब उघडी आहे. 2023 आणि 2024 सगळेच तपासतात. तुम्ही आधी 1900 टाका, मग 2000.