तळ्याच्या काठावरचा फटका

आपण पाहत आहोत ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील कोलर या गावचे ब्लॅकवुल्फ रन हे गोल्फचे मैदान. तारीख ६ जुलै १९९८, वार सोमवार. यू. एस. विमेन्स ओपन ही स्पर्धा खरे तर रविवारीच संपायची होती. गोल्फमध्ये सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो; परंतु चार दिवसांत ७२ होल, म्हणजे चेंडू खळग्यात घालायचे ७२ टप्पे, खेळून झाल्यावर दोन खेळाडूंच्या फटक्यांची बेरीज सारखीच, म्हणजे २९० भरली आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे निकालासाठी दोघींना दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण १८ होल खेळावे लागले. त्यांपैकी एक होती जेनी चुआसिरिपोर्न, थाई आईवडिलांची अमेरिकन मुलगी, ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थिनी आणि अजून हौशी खेळाडू. दुसरी होती दक्षिण कोरियाची व्यावसायिक गोल्फपटू से-री पाक. दोघींचेही वय २० वर्षे.

अठराव्या होलवर दोघी बरोबरीत असताना से-रीचा पहिलाच फटका डावीकडे भरकटला आणि चेंडू तळ्याच्या उतरत्या काठावर, उंच गवतात जाऊन अडकला. एका फटक्याचा दंड पत्करून चेंडू सपाट जागी ठेवण्याची मुभा तिला होती आणि कोणत्याही शहाण्या सल्लागाराने बहुधा तेच सुचवले असते. तिने बराच वेळ चेंडूकडे, पाण्याकडे आणि पुन्हा चेंडूकडे पाहिले. मग बूट काढले, मोजे काढले आणि ती पाण्यात उतरली. उन्हाने रापलेले तिचे पाय घोट्यापर्यंत तांबूस आणि त्याखाली एकदम पांढरेफटक दिसत होते. कोरियात तेव्हा मंगळवारची पहाट उजाडायची होती, आणि दूरचित्रवाणीसमोर जागत बसलेल्या प्रेक्षकांच्या मनात त्या फटक्यापेक्षाही हे पाऊल अधिक ठसले. ती मुलगी किती वर्षे, दिवसाचे किती तास उन्हात उभी राहिली असेल, याचा हिशोब कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

से-रीचा जन्म २८ सप्टेंबर १९७७ रोजी देजॉन शहरात झाला. शाळेत ती धावणे आणि गोळाफेक यांत रमलेली होती. गोल्फ तिच्या हाती दिला तो वडिलांनी, जे स्वतः हौशी गोल्फपटू होते. मुलीला त्यांनी ज्या कठोरपणे घडवले, त्याच्या कथा कोरियात आजही सांगितल्या जातात: पहाटे उठून बहुमजली इमारतीचे जिने चढणे-उतरणे, मनातली भीती जावी म्हणून रात्री स्मशानात थांबणे. अशा कथांना कालांतराने थोडी झळाळी चढतेच, हे गृहीत धरले तरी त्या सरावात बालपणासाठी फारशी जागा उरली नव्हती, हे उघड आहे. १९९२ साली, अजून शाळकरी असताना, तिने देशातील व्यावसायिक खेळाडूंची एक स्पर्धा जिंकली. १९९६ मध्ये ती स्वतः व्यावसायिक झाली आणि पुढच्या दोन हंगामांत तिने मायदेशी सहा विजेतेपदे मिळवली.

तिच्याआधी ही वाट कुणीच चालले नव्हते, असे मात्र नाही. कु ओक-ही यांनी १९८८ सालीच अमेरिकेच्या एलपीजीए दौऱ्यावर, म्हणजे व्यावसायिक महिला गोल्फपटूंच्या स्पर्धामालिकेत, एक स्पर्धा जिंकली होती. पण ते सोल ऑलिम्पिकचे वर्ष होते आणि त्या विजयाची देशाने फारशी दखल घेतली नाही. सॅमसंग कंपनीच्या पाठबळावर से-री अमेरिकेतील फ्लोरिडात आली, गोल्फ प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे तिने धडे घेतले आणि या दौऱ्याच्या १९९७ च्या पात्रता स्पर्धेत तिने संयुक्त पहिला क्रमांक मिळवला.

१९९८ च्या हंगामाचे पहिले काही महिने तिच्यासाठी साधेच गेले. मग मे महिन्यात, डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे, तिने एलपीजीए चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या दिवशी ६५ फटक्यांची फेरी खेळून आघाडी घेतली आणि शेवटी ११ अंडर पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा ११ कमी, अशा गुणसंख्येवर तीन फटक्यांनी स्पर्धा जिंकली. या दौऱ्यावरील तिचे पहिले विजेतेपद हेच, आणि तेही प्रमुख स्पर्धेचे! त्या वेळी तिच्या देशाची स्थिती बिकट होती. डिसेंबर १९९७ मध्ये दक्षिण कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले होते, कंपन्या बंद पडत होत्या आणि परकीय कर्ज फेडण्याला हातभार म्हणून सामान्य माणसे रांगा लावून अंगठ्या व दागिने देत होती. गोल्फ हा तिथे श्रीमंतांचा खेळ समजला जाई. नोकरी गेलेल्या माणसाने त्यात जीव गुंतवावा, ही खरे तर विसंगतीच. परंतु पाण्यात अनवाणी उभ्या असलेल्या मुलीत लोकांनी खेळ पाहिलाच नाही, त्यांनी स्वतःला पाहिले.

आता पुन्हा त्या तळ्याकडे वळू. तिने वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारी काठी, फिरवली आणि चेंडू गवतातून सुटून बाहेर आला. एवढेच. या फटक्याने सामना जिंकला, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. त्या होलवर से-रीला बोगीवर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक जास्त घेऊन, समाधान मानावे लागले. जेनीने पार राखला असता, म्हणजे ठरलेल्या फटक्यांतच होल पूर्ण केला असता, तर करंडक तिचा होता; तिचीही बोगी झाली आणि दोघींची फेरी ७३ वर संपली. फटक्याने जिंकून दिले नाही, केवळ हरू दिले नाही, आणि माझ्या मते त्याचे मोल याच गोष्टीत आहे. निर्णायक क्षण त्यानंतर आला, जेव्हा एकेक होल खेळून निकाल लावायचा होता: पुढचा होल बरोबरीत सुटला आणि त्याच्या पुढच्या होलवर से-रीने लांबून पट करून, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळत खळग्यात घालून, बर्डी साधली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतला. एकूण ९२ होलनंतर यू. एस. विमेन्स ओपनला तोपर्यंतची सर्वांत लहान वयाची विजेती मिळाली.

त्याच आठवड्यात ओहायोतील जेमी फार स्पर्धेत तिने एका फेरीत ६१ फटके घेऊन दौऱ्याचा विक्रम मोडला आणि ती स्पर्धा ९ फटक्यांनी जिंकली. महिन्याअखेरीस चौथे विजेतेपद आले, आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मानही तिलाच मिळाला.

हंगाम संपवून ती सोलला परतली तेव्हा स्वागत समारंभ, मुलाखती आणि प्रायोजकांचे कार्यक्रम यांची रांगच लागली होती. त्या गर्दीतच ती थकव्याने कोसळली आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. १९९९ चा हंगाम सुरू झाला तरी विजय येईना. वसंत ऋतू तसाच गेला. जूनमध्ये न्यू जर्सीत तिने एक स्पर्धा जिंकली, आणि वर्ष संपेपर्यंत आणखी तीन.