ऑक्सबरा हॉल: किल्ल्याचं सोंग घेतलेलं घर

(दृश्य: खंदक, पलीकडे लाल विटांचा महादरवाजा)

पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. जमिनीत सापडते ती गारगोटी आणि चिकणमाती. त्यामुळे इथल्या धनिकानं विटांचं घर बांधलं, तर त्यात कमीपणा नव्हता. पंधराव्या शतकात वीट ही मिरवायची गोष्ट होती.

१४८२ साली राजा चौथा एडवर्ड यानं सर एडमंड बेडिंगफेल्ड यांना परवानगी दिली: घराला तट घाला, वर चर्या उभारा. त्यांनी उभारलेल्या ऑक्सबरा हॉलचा हा दरवाजा जवळजवळ ८० फूट उंच आहे. दोन बाजूंना अष्टकोनी बुरूज, त्यांत जंग्या, भोवती पाण्यानं भरलेला खंदक.

आता जरा कमानीच्या वर बघा. एवढ्या मोठ्या खिडक्या! शत्रूच्या तोफेला याहून सोपं निशाण कुठलं? इथे लढायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पाहुण्यांवर छाप पडली की काम झालं, आणि १४८७ मध्ये सातवा हेन्री स्वतः इथे येऊन गेला.

(दृश्य: बुरुजातला गोल जिना)

कारागिरी बघायची असेल तर या जिन्यात या. डोक्यावरचं छतसुद्धा विटांचं, आणि तेही जिन्याबरोबर वळत वर जातं. सगळ्या घरात मला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडच्या चर्चनं रोमच्या पोपशी नातं तोडलं. बेडिंगफेल्ड मात्र कॅथलिकच राहिले. १५८५च्या कायद्यानं परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक पाद्र्यानं देशात राहणं हाच राजद्रोह ठरला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता. याच दरवाज्याच्या इमारतीत, फरशीखाली, पाद्री लपवण्याची एक चोरखोली आहे. तिचं झाकण फरशीचाच तुकडा वाटतं. आत जेमतेम एक माणूस अंग चोरून बसेल. तट-बुरुजांपेक्षा ही खोली खरी कामाची.

सतराव्या शतकातल्या राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात घराचा काही भाग जळाला. १७७५ मध्ये जुना दिवाणखाना घरच्यांनीच पाडला. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद बकलर यांनी ट्यूडर थाटाची (सोळाव्या शतकातल्या राजवंशाच्या काळच्या शैलीची) भर इतकी बेमालूम घातली की जुनं कुठलं नि नवं कुठलं, हे पटकन ओळखू येत नाही.

१९५१ मध्ये घर विकलं गेलं आणि पाडायचं ठरलं. तेव्हा लेडी सिबिल बेडिंगफेल्ड आणि घराण्यातल्या आणखी दोघी पुढे झाल्या. त्यांनी पैसे उभे करून घर परत विकत घेतलं आणि १९५२ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केलं.

(दृश्य: पोटमाळा, उचकटलेल्या फळ्या)

२०१६ मध्ये छतातली एक खिडकी कोसळली आणि मोठी दुरुस्ती निघाली. २०२० मध्ये पोटमाळ्याच्या फळ्या उचलल्या, तर खाली उंदरांची जुनी घरटी होती. त्यांत रेशीम, मखमल, हस्तलिखितांचे कपटे. चुन्याच्या गिलाव्यानं ओल शोषून घेतल्यामुळे ते शतकानुशतकं टिकले होते. वळचणीच्या पोकळीत १५६८ सालचं छापील स्तोत्रांचं पुस्तक मिळालं, जवळपास अख्खं. आणखी एक पंधराव्या शतकातलं चर्मपत्र, बायबलमधल्या स्तोत्राचं. त्यावरची निळी आणि सोनेरी अक्षरं अजून झळकतात.

बेडिंगफेल्ड घराण्याचे वंशज आजही या घराच्या एका भागात राहतात.