खडूच्या खुणा, चुन्याची बादली

[पडद्यावर: फरशीवर खडूची तिरकी रेघ, शेजारी लिहिलेलं ‘९’.]

सकाळचे नऊ वाजलेत. खिडकीतून आत आलेलं ऊन फरशीवर जिथे संपतं, तिथे अकरा वर्षांच्या एका मुलीने खडूने रेघ ओढली आहे. दहा वाजता दुसरी ओढेल, अकराला तिसरी. मधल्या वेळात तिने खेळावं, लोळावं, भावाशी भांडावं. या कामाला त्याचं काही नाही. दर तासाला अर्धा मिनिट पुरतं.

या घरात मुलांना सुट्टी आहे, आई-बाबांना नाही. फ्रिजच्या दारावर उन्हाळ्यात उरकायच्या कामांची यादी लावली आहे. नळ गळतो. मागची खोली तापते. कुंड्या सुकतात. मुलांसोबत काहीतरी करायचं आहे. यादी लांब, पैसे थोडे, आणि वेळ पैशांहूनही थोडा. अशा घराने कुठल्या कामाला हात घालावा? आमचं मत सरळ आहे: जे काम मध्येच सोडून उठलं तरी बिघडत नाही, ते घ्यावं. खोलीतलं सगळं सामान बाहेर काढून रंगकाम सुरू करणारी माणसं धाडसी असतात. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन येतो, आणि पुढचा महिनाभर कपाट बाहेर आणि गाद्या दिवाणखान्यात.

[पडद्यावर: संध्याकाळची मागची खोली. ऊन थेट पलंगापर्यंत पोचलेलं.]

दिवसभराच्या रेघांनी एक गोष्ट दाखवून दिली. पुढच्या खोलीत भरदुपारी ऊन खिडकीशीच घुटमळतं, कारण सूर्य उंच असतो आणि खिडकीवरचा वीतभर छज्जाही त्याला अडवतो. मागच्या, पश्चिमेकडच्या खोलीत मात्र तिसऱ्या प्रहरानंतर रेघा झपाझप आत सरकतात. उतरत्या सूर्याची किरणं आडवी येतात, छज्जाखालून सरळ आत शिरतात. म्हणजे पैसे घालायचे ते या एका खिडकीवर. बाकीच्या खिडक्यांचे पडदे बदलायची गरज नव्हती. हे कळायला खडूचा एक तुकडा लागला.

आता पडदा आतून लावायचा की बाहेरून? बहुतेक घरांत आतून लावतात, आणि तिथेच फसगत होते. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला. तापलेल्या पडद्याची उष्णता आता खोलीतच सुटणार, कारण सूर्यप्रकाश काचेतून सहज पार होत असला तरी तापलेल्या वस्तूतून निघणारी अवरक्त किरणं काच बाहेर जाऊ देत नाही. पडद्यामुळे डोळ्यांवरची तिरीप गेली, खोली तापायची ती तापलीच. तेच कापड काचेच्या बाहेर बांधलं की तापतं ते बाहेर, आणि ती उष्णता वाऱ्यावर जाते.

[पडद्यावर: बाबा स्टुलावर. जुनी चादर, दोरी, चार कड्या.]

जुनी सुती चादर. कडेला दुमडून घातलेली शिवण, कारण एकेरी कापडाला भोक पाडलं तर पहिल्याच वाऱ्यात फाटतं. कोपऱ्यात नाणं दुमडून त्याच्या मागून दोरी आवळली तर भोक पाडायचीही गरज नाही. आणि एक नियम न चुकता पाळायचा: कापड आणि काच यांच्यात हातभर अंतर हवं, वरची बाजू मोकळी हवी. मधली गरम हवा वर चढून निघून जाते. कापड काचेला चिकटवलं तर ती तिथेच कोंडते. चादर उन्हाने विरते, एका हंगामात कामातून जाते. शेतीसाठी मिळणारी हिरवी जाळी जास्त टिकते. ती किती ऊन अडवते याची टक्केवारी तिच्यावर लिहिलेली असते. खिडकीला 75 टक्क्यांची चालेल, भाजीच्या वाफ्यावर मात्र 30 ते 50 टक्क्यांच्या वर जाऊ नये. झाडांना सावली हवी असते, अंधार नको.

फुकटातला उपाय तर अजून सोपा. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गार झाली की खिडक्या उघडायच्या, सकाळी ती तापायला लागली की बंद करायच्या. एका बाजूची खालची आणि समोरच्या बाजूची वरची झडप उघडली तर हवा आपोआप वाहते, कारण गरम हवा वरून निघते आणि गार हवा खालून आत ओढली जाते. पंख्याने खोली गार होत नाही, अंगावरचा घाम वाळून माणूस गार होतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा फक्त वीज खातो.

[पडद्यावर: गच्ची. मावळतीचा उजेड. बादलीत ढवळणारी काठी.]

आता या उन्हाळ्यातलं सगळ्यात घामाचं काम. काळ्या डांबरी छतावरून जेमतेम 5 टक्के सूर्यप्रकाश परत जातो, बाकी सगळा छतात मुरतो. ताज्या, चांगल्या पांढऱ्या लेपावरून 70 ते 80 टक्के परततो. फरक इतका मोठा असल्यावर पांढरं छत हा श्रीमंती शौक राहत नाही. सपाट काँक्रीटच्या गच्चीला साधा चुनाही चालतो. पत्र्याला किंवा डांबराला तो धरत नाही, तिथे त्यासाठीच बनवलेला रंग घ्यावा लागतो.

चुना घेताना विझवलेला, भुकटीचा घ्यावा. कळीचा चुना पाणी पडताच उकळतो, घरात मुलं असताना तो खेळ नको. बादली प्लॅस्टिकची, ॲल्युमिनियमला चुना खातो. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा, कारण चुन्याचा एक शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. या घरात मुलांना गच्चीच्या दारापर्यंतच परवानगी आहे.

चुना दुधाइतका पातळ कालवायचा. दाट लावला तर वाळताना तडकतो आणि पोपडे सुटतात. आधी गच्ची झाडून, घासून, ओली करायची. ओली का? तर चुना नुसता वाळून पक्का होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. त्यासाठी ओल लागते. भर उन्हात तापलेल्या काँक्रीटवर लावला तर पाणी क्षणात उडतं आणि मागे उरते भुकटी, जी पायाला लागून घरभर फिरते. म्हणून हात द्यायचा तो ऊन उतरल्यावर.

[पडद्यावर: ब्रशचा पट्टा, जवळून.]

नीट बघा. ब्रश फिरला, पण काहीच दिसत नाही. ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो. खालचं करडं काँक्रीट तसंच दिसतं. नवखा माणूस इथे घाबरतो आणि दाट थर चढवतो. आई तसं करत नाही. ती एक पातळ हात देऊन खाली निघून जाते. सकाळी तोच भाग पांढराफेक झालेला असतो. दुसरा हात पुढच्या संध्याकाळी, तिसरा जमेल तेव्हा. दोन हातांमध्ये थांबायचंच असतं, म्हणून हे काम नोकरी करणाऱ्यांच्या सोयीचं. उरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला तर खराब होत नाही. पावसाने थर झिजतो, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा एक हात द्यावा लागतो. तेवढं मान्य असेल तरच चुना घ्यावा.

[पडद्यावर: बाग. आजी कुंडीच्या तळाचं भोक बुजवतेय.]

बागेत सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे पाणी वाचवणारी गोष्ट. आजीच्या हातात आहे मातीची साधी कुंडी, झिलई नसलेली. झिलई आहे की नाही हे ओळखायला बाहेरून पाण्याचा थेंब लावायचा. माती गडद झाली तर ती पाणी पिते, थेंब ओघळला तर कुंडी परत ठेवून द्यायची. तळाचं भोक सिमेंटने बुजवलं, ते वाळल्यावर कुंडी वाफ्यात गळ्यापर्यंत पुरली, पाण्याने भरली, वर बशी झाकली. झाकण डासांसाठी, आणि बाष्प उडू नये म्हणूनही.

पुढचं काम मातीच करते. भोवतालची जमीन कोरडी असेल तर ती भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढते. जमीन ओली असेल तर ओढच नसते, पाणी आतच राहतं. वीज नाही, टायमर नाही, तोटी नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. आपण तिच्याकडे नवा शोध म्हणून बघतो, ते सोडा. वेल, टोमॅटो, वांगी यांना ती मानवते. बिया पेरलेल्या वाफ्याला नाही, कारण वरचा थर कोरडाच राहतो आणि रुजू पाहणाऱ्या बीला ओल तिथेच हवी असते.

वाफ्यावर वाळक्या पानांचं आच्छादन, चार बोटं जाड. खोडापासून मात्र दोन बोटं लांब. खोडाला ओल चिकटून राहिली की ते कुजतं. पाणी घालायची वेळ पहाटेची. रोज शिंपडण्यापेक्षा एक-दोन दिवसांआड भरपूर द्यावं, म्हणजे मुळं खाली जातात. आणि पाणी हवंय का, हे विचारायचं मातीला: बोट दोन पेरं आत घालायचं. वर कोरडं, आत ओलं असेल तर आज सुट्टी. कुंड्यांना ही सवलत नाही, त्या लवकर वाळतात. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या तर उन्हात इतक्या तापतात की कडेची मुळं भाजतात. त्यांना एकमेकींना खेटून ठेवलं, बाहेरच्या रांगेला जुनं पांढरं कापड गुंडाळलं, काम झालं.

नळाचं काम अर्ध्या तासाचं. सेकंदाला एक थेंब, थेंब पाव मिलिलिटरचा धरला तरी दिवसाला एकवीस लिटरच्या वर पाणी जातं. दोष बहुतेक वेळा आतल्या झिजलेल्या वायसरचा. मेन कॉक बंद, नळ उघडून पाणी काढून टाकायचं, पान्याने वरचा भाग सोडवायचा, जुना वायसर खिशात घालून दुकानात जायचं आणि त्याच मापाचा आणायचा. धाकट्याला दिलेलं काम त्याहून मजेशीर आहे: फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटं कुणाला आत जाऊ द्यायचं नाही. भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते. तो दाराबाहेर पहाऱ्याला बसलाय.

[पडद्यावर: अंगणात लाकडी पॅलेटचा ढीग.]

आणि हे यादीतून कापलेलं काम. फुकट मिळालेल्या पॅलेटचा, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीचा, बाक. असल्या व्हिडिओत बाक मिनिटभरात उभा राहतो, कारण गंजलेले खिळे उपसण्याचे आणि घासकामाचे तास त्यात नसतात. करायचंच असेल तर लाकडावरचा शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. दुसरं घरात आणू नये, जाळू तर मुळीच नये.

[पडद्यावर: उभी काठी. तिची सावली. खडे मांडलेले.]

खडूच्या रेघांनी मुलीच्या डोक्यात एक किडा सोडला आहे. अंगणात तिने मीटरभर उंचीची काठी सरळ उभी केली, ओळंबा म्हणून दोरीला दगड बांधला, आणि सावलीच्या टोकाशी खडे ठेवत गेली. सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नव्हते. घड्याळ बिघडलं का? नाही. घड्याळ पाळतं अख्ख्या प्रदेशाची ठरवून दिलेली वेळ. सूर्य फक्त या अंगणाची. रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. शिवाय पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने सूर्य स्वतःच वर्षभरात कधी मागे, कधी पुढे असतो, जास्तीत जास्त सोळा मिनिटांपर्यंत.

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अशाच सावलीवरून पृथ्वीचा घेर काढला. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, भरदुपारी, इजिप्तच्या दक्षिणेतल्या सायीनी या शहरात उभ्या वस्तूची सावली पडत नसे. उत्तरेतल्या अलेक्झांड्रियात मात्र सूर्य डोक्यापासून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे 7.2 अंश, कललेला असे. दोन शहरांमधलं अंतर पन्नासने गुणलं की घेर आला.

हे आज कुणालाही करता येतं. उत्तरेला किंवा दक्षिणेला बऱ्याच दूर राहणारी मावसबहीण हवी, तिच्याकडे काठी हवी. एकाच दिवशी दोघींनी आपापल्या अंगणातली सर्वांत आखूड सावली मोजायची, कागदावर प्रमाणात त्रिकोण काढायचा, कोनमापकाने कोन वाचायचा. दोन कोनांतला फरक आणि नकाशावरचं दक्षिणोत्तर अंतर, एवढ्यावर घेर निघतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही, आणि त्याची गरजही नाही. सगळं जमिनीवर लिहिलेलं असतं.

“तुझी काठी वाकडी होती,” फोनवर पलीकडून तक्रार येते.

“तुझीच!”

[पडद्यावर: पाण्याची बादली, तिच्यातून कुंड्यांकडे गेलेल्या सुती दोऱ्या.]

चार दिवस घर बंद राहणार आहे, म्हणून शेवटची तयारी. पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा थोडी उंचावर, सावलीत. प्रत्येक कुंडीला एक जाड सुती दोरी. एक टोक बादलीच्या तळाशी, खडा बांधून, दुसरं मातीत बोटभर खोल. दोरीच्या धाग्यांमधून पाणी आपोआप चढतं आणि कुंडीत उतरतं. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्यायची, कोरड्या दोरीत पाणी धरत नाही. आणि निघायच्या दोन दिवस आधीच मांडून बघायचं: बादली एका रात्रीत रिकामी झाली तर दोरी बारीक घ्यावी लागेल, माती कोरडी राहिली तर दोन लावाव्या लागतील. तुळतुळीत नायलॉनची दोरी आजीने आधीच बाजूला काढली आहे. ती कपडे वाळत घालायला.