आजीच्या पोटरीवरचा व्रण

मंडळी, नमस्कार.

नेदरलँड्समध्ये हेगला आमच्या शेजारी एक सुरिनामी बाई राहतात. पंच्याहत्तरी उलटली आहे. एकदा चहाला आल्या असताना बोलता बोलता म्हणाल्या, "हमार आजी..." आणि मी चमकलेच. त्यांची बोली सरनामी, मुळात भोजपुरी-अवधीची. तिच्यातही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. त्या आजीचं गाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. "कलकत्त्याहून आली," एवढंच घरात सांगत. पण कलकत्ता हे तिचं गाव नव्हे, तिथून फक्त तिचं जहाज सुटलं.

सुरिनाम ही तेव्हा दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत होती. तिथली गुलामगिरी 1 जुलै 1863 ला संपली, पण बहुतेक सुटलेल्यांना पुढची दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावंच लागलं. ती मुदत सरत आली तसा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून मजूर आणायचा घाट घातला. 'लल्ला रूख' हे पहिलं जहाज जून 1873 मध्ये पोचलं. 399 माणसं उतरली, 11 वाटेतच दगावली होती. 1916 पर्यंत 34,304 जण गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले. करार पाच वर्षांचा. ही माणसं स्वतःला 'कंत्राकी' म्हणवत.

त्यांच्या नोंदी आता ऑनलाइन बघता येतात. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, ठाणं, गाव, जहाज, मळा. इतकं सगळं लिहिलेलं असताना माणूस सापडत का नाही? कारण आपण आडनावाने शोधतो. आम्हीही आठवडाभर तेच केलं. या लोकांना आडनावच नव्हतं हो! बापाचं किंवा आज्याचं एकेरी नाव पुढे मुलांचं आडनाव झालं. तेही कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, आणि नंतर डच वळणाने लिहिलेलं. डचमध्ये उकाराला ओ-ई लिहितात, 'ज'साठी डी-जे, 'च'साठी टी-जे. सुखदेव किंवा जगरूप त्या लिपीत डोळ्यांना ओळखूच येत नाही. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गुरुजींच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या सापडतात, पण वही उघडायला आडनाव आणि गाव लागतं. इथे दोन्ही हरवलेलं.

शेवटी बाईंनी वडिलांच्या जन्मनोंदीची नक्कल आणली. आजीच्या नावापुढे अक्षरं आणि एक आकडा होता. आम्हाला वाटलं, दफ्तराचा क्रमांक असेल. तो तिचा कराराचा नंबर होता! अक्षरं जहाजाची, आकडा तिचा. म्हणून सांगते, घरात जुने कागद असतील तर आधी हा नंबर शोधा, नाव मागाहून.

त्या नंबरावरून सापडलेल्या आजीच्या नोंदीत नवऱ्याचं नाव नव्हतं, बापाचं होतं. वय वीस, जहाज 1908 चं, एकटी. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असाव्यात असा नियम होता, त्यामुळे अरकाटी, म्हणजे मजूर गोळा करणारे दलाल, बायकांच्या शोधातच असत. ती कशी निघाली, फसून की मनाने, ते कागद सांगत नाही. जातीच्या रकान्यावर तर फार विसंबू नये, सांगणारा काहीही सांगू शकत होता. पण खुणेच्या रकान्यात होतं, 'डाव्या पोटरीवर व्रण'. बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं ते उचलेनात. म्हणाल्या, "लहानपणी तिच्या पायाशी बसून मी त्यावर बोट फिरवायचे."

आमच्याकडून तेव्हा आणखी काही वाचवेना.

गावाचं काम पुढे निघालं. जिल्हा बस्ती लिहिलाय म्हणून आजच्या बस्तीत शोधू नका. 1988 मध्ये त्यातून सिद्धार्थनगर निघाला, 1997 मध्ये संत कबीर नगर. बिहारच्या जुन्या शाहाबादचे 1972 मध्ये भोजपूर आणि रोहतास झाले. म्हणून आधी ठाणं धरा, नकाशावर ते लावा, मग त्याच्या आसपासची गावं मोठ्याने वाचा. मोठ्याने अशासाठी, की कारकुनानेही ते कानानेच लिहिलं होतं.

आम्ही तसंच वाचत बसलो. मी हिंदीत नाव घ्यायचे, बाई डोळे मिटून ऐकायच्या. त्या ठाण्याभोवती जुळणारी तीन गावं निघाली. तिन्ही त्यांनी वहीत लिहून घेतली आहेत. येत्या थंडीत लेकीला बरोबर घेऊन जाणार आहेत.