पगाराचा आकडा ठरवताना

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याला किती कमवायचे आहे, हा प्रश्न बहुतेकांनी स्वतःला कधी ना कधी विचारलेला असतो. पण त्याचे उत्तर शांतपणे बसून शोधलेले असतेच असे नाही. मित्राच्या पगाराचा आकडा कानावर पडतो, ओळखीतल्या कुणाला लागलेल्या नोकरीची घरात चर्चा होते, किंवा मुलाखतीत अचानक विचारले जाते, "तुमची अपेक्षा किती?" त्या क्षणी जो आकडा तोंडून निघतो, तोच पुढे कित्येक वर्षे आपले ध्येय होऊन बसतो. करिअरविषयी सल्ला देण्याच्या कामात मला हे वारंवार दिसले आहे, की तरुण मंडळींना आकडा ठाऊक असतो, पण तो आला कुठून हे त्यांना सांगता येत नाही. माझे म्हणणे असे आहे, की पगाराचे ध्येय जरूर ठेवावे आणि ते मोठेही असावे, पण दुसऱ्याच्या पगाराकडे पाहून नव्हे, तर स्वतःचा हिशेब मांडून ठरवावे.

दुसऱ्याच्या पगाराकडे पाहण्याने काय होते, याचा एक चांगला अभ्यास उपलब्ध आहे. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांवर केलेले हे संशोधन 2012 साली प्रसिद्ध झाले. विद्यापीठातील सर्वांचे पगार एका संकेतस्थळावर पाहता येतात, ही माहिती त्यांनी काही निवडक कर्मचाऱ्यांना दिली आणि नंतर सर्वांना कामाच्या समाधानाबद्दल प्रश्न विचारले. ज्यांचा पगार आपल्या विभागातील आणि आपल्यासारखेच काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या मध्यम पगारापेक्षा कमी होता, त्यांचे समाधान घटले आणि दुसरी नोकरी शोधण्याची त्यांची इच्छा वाढली. आपण इतरांपेक्षा जास्त मिळवतो हे ज्यांना कळले, त्यांचे समाधान मात्र वाढले नाही. खाली असल्याचे दुःख होते, पण वर असल्याचा आनंद होत नाही. म्हणजे तुलनेच्या या व्यवहारात हाती काही लागत नाही. कितीही वर गेलो तरी आपल्याहून अधिक मिळवणारा कुणीतरी असतोच, त्यामुळे तुलनेतून ठरवलेला आकडा गाठला तरी समाधान होत नाही.

याचा अर्थ इतरांना किती पगार मिळतो हे जाणूनच घेऊ नये, असा नाही. आपल्या कामाला बाजारात काय भाव आहे हे माहीत नसेल, तर माणूस कमी पैशांत राबत राहतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. त्या माहितीचा उपयोग अंदाज बांधण्यासाठी करावा, स्वतःची किंमत ठरवण्यासाठी नव्हे. आणि माहिती घेताना सरासरीवर विसंबू नये. शंभर जणांच्या गटात दोघा-तिघांचा पगार अफाट असला, तर सरासरी उगाच फुगते. पगाराच्या उतरत्या क्रमाने सगळ्यांना उभे केले तर बरोबर मधल्या माणसाला काय मिळते, हे विचारावे. आपल्या वाट्याला येण्याची शक्यता त्याच आकड्याच्या आसपासची असते.

आता पैशाच्या खऱ्या किमतीकडे वळू, कारण सर्वांत मोठी फसगत इथे होते. "दहा वर्षांत माझा पगार दुप्पट झाला पाहिजे," असे कुणी म्हणाले, की ऐकणाऱ्याला ते महत्त्वाकांक्षी ध्येय वाटते. प्रत्यक्षात दरवर्षी साधारण 7.2 टक्के वाढ मिळाली की दहा वर्षांत पगार दुप्पट होतो. त्याच दहा वर्षांत महागाई दरसाल 6 टक्के राहिली, तर आज 100 रुपयांत मिळणाऱ्या वस्तूंसाठी तेव्हा 179 रुपये मोजावे लागतील. म्हणजे 100 चे 200 झालेला पगार आजच्या किमतीत जेमतेम 112 रुपयांचा ठरतो. दहा वर्षांचा अनुभव, वाढलेली जबाबदारी, कदाचित एखादी बढती, आणि या सगळ्याच्या बदल्यात खरी वाढ 12 टक्क्यांची! आकडा वाढला म्हणजे आपण पुढे गेलो, असे वाटण्याच्या या प्रवृत्तीबद्दल अर्थतज्ज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी 1928 सालीच सविस्तर लिहून ठेवले होते, तरी आजही पगारवाढीचे पत्र हातात पडले की आपण टक्केवारी वाचतो आणि त्यातून महागाई वजा करायला विसरतो. म्हणून ध्येय ठरवताना आकडा आजच्या किमतीत लिहावा, सोबत वर्ष लिहावे, आणि दरवर्षी महागाईप्रमाणे तो पुढे सरकवावा. 72 ला महागाईच्या दराने भागले, की किती वर्षांत किमती दुप्पट होतील याचा अंदाज तोंडी काढता येतो. 6 टक्के दर असेल तर बारा वर्षे.

दुसरी फसगत वेतनचिठ्ठीत असते. नोकरी देणारा जो वार्षिक आकडा सांगतो, तो बहुधा कपातीपूर्वीचा एकूण आकडा असतो. त्यात मालकाने भविष्य निधीसारख्या योजनांत भरायची रक्कम धरलेली असू शकते, विम्याचा हप्ता असू शकतो, आणि वर्षअखेरीस कामगिरीनुसार मिळेल किंवा मिळणारही नाही असा बोनस असू शकतो. चिठ्ठीवर एका बाजूला मूळ वेतन आणि भत्ते, तर दुसऱ्या बाजूला कर आणि इतर कपाती असतात. तळाशी उरते ती हातात येणारी रक्कम. घर त्या तळाच्या रकमेवर चालते, त्यामुळे ध्येयही त्याच रकमेत मोजावे. दोन नोकऱ्यांची तुलना करताना तर हे फारच आवश्यक आहे, कारण मोठ्या आकड्याच्या नोकरीत निम्मा भाग अनिश्चित असेल, तर लहान आकड्याची, पण पक्क्या पगाराची नोकरी महिन्याच्या हिशेबात सरस ठरू शकते.

श्रोतेहो, सुरुवातीच्या पगाराकडे पुष्कळजण "आधी नोकरी तर लागू दे, पैशाचे पुढे बघू," अशा भावनेने पाहतात. ही भावना मी समजू शकतो, विशेषतः घरून मदत नसेल तर. तरीही एक हिशेब ऐकावा. दोघे एकाच वेळी नोकरीला लागले. एकाचा वार्षिक पगार 100 आणि दुसऱ्याचा 110, आणि पुढे दोघांनाही दरवर्षी 6 टक्केच वाढ मिळत गेली. तीस वर्षांत दुसऱ्याला एकूण सुमारे 790 अधिक मिळतात. महागाईही 6 टक्केच होती असे धरले, तरी आजच्या किमतीत तो फरक 300 चा, म्हणजे पहिल्याच्या तीन वर्षांच्या सुरुवातीच्या पगाराइतका होतो. एका संभाषणात मागायचे राहून गेलेले 10 चक्रवाढीने एवढे होतात. अमेरिकेतील उत्पन्नाच्या नोंदींच्या अभ्यासातूनही असेच दिसले आहे, की सर्वसाधारण माणसाच्या खऱ्या पगारातील बहुतांश वाढ त्याच्या पंचविशीपासून पुढच्या पहिल्या दहा वर्षांतच होते. त्यामुळे पन्नाशीतल्या स्वप्नापेक्षा पस्तिशीपर्यंतची वाट अधिक काळजीपूर्वक आखावी, असे मला वाटते.

ज्यांना मंदीच्या काळात पहिली नोकरी धरावी लागते, त्यांच्या मनात मोठी खंत असते. त्यांच्यासाठी कॅनडातील पदवीधरांवरचा एक अभ्यास महत्त्वाचा आहे. मंदीत बाहेर पडलेल्या पदवीधरांचे उत्पन्न सुरुवातीला इतरांच्या तुलनेत लक्षणीय कमी राहिले, हा तोटा भरून यायला साधारण दहा वर्षे लागली, आणि तो मुख्यतः अधिक चांगल्या पगाराच्या कंपन्यांत नोकरी बदलल्यामुळे भरून आला. तेव्हा सुरुवात वाईट झाली म्हणून ध्येय खाली आणू नये. पहिल्या जागेला चिकटून मात्र राहू नये.

पगाराची बोलणी करताना आकडा कोण आधी सांगतो, याला महत्त्व आहे. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली दाखवून दिले, की आधी कानावर पडलेला आकडा, अगदी निरर्थक असला, तरी पुढच्या अंदाजाला आपल्याकडे ओढतो. आपल्याला बाजारभाव ठाऊक असेल आणि आपला आकडा त्याला धरून असेल, तर तो आधी सांगण्यात फायदा असतो. ठाऊक नसेल, तर कमी आकडा सांगून स्वतःलाच बांधून घेण्याचा धोका असतो. जुना पगार किती होता, या प्रश्नावर नव्या कामाच्या जबाबदारीबद्दल आणि तिच्या मोबदल्याबद्दल बोलायचे आहे, असे नम्रपणे सांगता येते. स्त्रिया पगाराची घासाघीस करत नाहीत, हे विधान आपण अनेकदा ऐकतो. लीब्रांट आणि लिस्ट या संशोधकांनी नोकरीच्या खऱ्या जाहिराती वापरून अमेरिकेत जो प्रयोग केला, त्यात असे आढळले, की वेतनावर बोलणी होऊ शकतात हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले नसेल तेव्हा पुरुष अधिक मागतात, आणि ते स्पष्ट लिहिले की हा फरक उरत नाही. म्हणजे दोष संकोची स्वभावाचा नसून नियम न सांगण्याच्या पद्धतीचा आहे. जाहिरात काढणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे, आणि मागणाऱ्यांनी, विशेषतः मुलींनी, वेतनावर बोलता येते असे गृहीत धरूनच बोलावे.

व्यवसायाची निवड करतानाही कमाईचा विचार गैर नाही. काही कामांना जास्त मोबदला का मिळतो, याची कारणे ॲडम स्मिथ यांनी आपल्या 1776 च्या ग्रंथात दिली आहेत: काम किती कष्टाचे वा अप्रिय आहे, ते शिकायला किती खर्च येतो, ते वर्षभर मिळते का, त्यात किती विश्वास टाकावा लागतो, आणि यश मिळण्याची शक्यता किती आहे. यातील शेवटचे कारण तरुणांनी विशेष लक्षात घ्यावे. जोडे शिवायला शिकणारा मुलगा ते शिकतोच, पण वकिली शिकायला गेलेल्या वीसांपैकी एखादाच त्यावर पोट भरू शकतो, असा स्मिथ यांचा अंदाज होता, आणि आपण त्या वीसांपैकी एक ठरू, असा फाजील विश्वास तारुण्यात असतो, हेही त्यांनी नमूद केले होते. अशा क्षेत्रात जायचे तर खुशाल जावे; फक्त अयशस्वी झालेल्या एकोणीस जणांचे काय होते, याचीही चौकशी करून जावे.

जास्त पैशाने सुख वाढते का? 2010 साली काहनेमन आणि डीटन यांनी अमेरिकेतील माहितीवरून म्हटले, की वार्षिक सुमारे 75,000 डॉलरच्या पुढे रोजच्या आनंदात फारशी भर पडत नाही. पुढे किलिंग्जवर्थ या संशोधकांना वेगळा निष्कर्ष मिळाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन 2023 साली पुन्हा पडताळणी केली. बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर आनंद वाढत जातो आणि तो एका टप्प्याला थांबतो ते फक्त मुळात दुःखी असलेल्या गटात, असे त्यातून दिसले. तेव्हा पैशाची इच्छा धरणाऱ्याला हीन लेखण्याचे कारण नाही. मात्र ही वाढ रकमेच्या नव्हे, तर पटीच्या हिशेबाने होते: 20 चे 40 झाल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक पडण्यासाठी 40 चे 80 व्हावे लागतात. वर जाताना प्रत्येक पायरी अधिक महाग होत जाते, आणि तिची किंमत बहुतेकदा वेळेत चुकवावी लागते.

त्या वेळेचा हिशेब पगाराच्या ध्येयात जवळजवळ कुणीच धरत नाही. 2023 च्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवले आहे, की काही पेशांत दुप्पट तास काम करणाऱ्याला दुपटीहून अधिक मोबदला मिळतो, कारण तो रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी, बोलावले की हजर राहतो. अशा नोकरीत एकजण गेला, की घरातली अनिश्चित वेळेची सारी कामे दुसऱ्याकडे येतात, आणि मूल झाल्यानंतर तो दुसरा माणूस बहुधा स्त्री असते. तिचा पगार तिथून मागे पडू लागतो. म्हणून विवाहित श्रोत्यांना मी आग्रहाने सुचवेन, की दोघांचे आकडे वेगवेगळे न ठरवता एकत्र बसून ठरवावेत. हातात येणाऱ्या मासिक पगाराला प्रवासासकट खर्ची पडणाऱ्या सर्व तासांनी भागावे, आणि आपला एक तास कितीला जातो ते पाहावे. एकाच्या बढतीमुळे दुसऱ्याला नोकरीचे तास कमी करावे लागणार असतील, तर बुडणारा आजचा पगार, त्यावर पुढे मिळाल्या असत्या त्या वाढी आणि त्या दुसऱ्या व्यक्तीची निवृत्तीनंतरची शिल्लक हे सारे बढतीच्या पत्रावरील आकड्यातून वजा करावे, आणि मगच त्या पत्रावर सही करावी.